पक्कं वर्णन

१ ऑगस्ट

मिळाला! संशोधनाचा मायनर मलाच मिळाला. रसायनशास्त्राच्या जोडीला एक छोटा विषय घ्यावाच लागतो, तर बहुतेकजणी सोपंसं काहीतरी बघून मोकळ्या होतात. मी संशोधन मागितलं. एका प्राध्यापक मॅडमच्या हाताखाली काम करायचं, स्वतःचा एक नमुना आणायचा आणि अहवाल द्यायचा. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तिला बंद करायचं बटणच नाही. ती म्हणाली, सुखाचा जीव दुःखात घालायची तुला भारीच हौस.

मॅडमनी निवड केली ती अशी. इच्छुक मुलींचे रुमाल एका टोपलीत गोळा केले, मिसळले आणि एकेकीला म्हणाल्या, आता वासावरून जिचा तिला वाटून दाखव. बाकीच्या नाकं मुरडून हसत बसल्या. मी वाटून दाखवले, एकही चुकला नाही. मॅडम उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, तुझीच वाट बघत होते.

आईला फोन केला. आई शिवणकाम करते. फोन खांद्यात धरलेला आणि मशीन चालूच. म्हणाली, घरात दूध नासलं की तुलाच आधी कळायचं, तेव्हा मी तुला भोचक म्हणायचे, आता कॉलेज त्याचे मार्क देतंय म्हणजे कमालच झाली. मग नेहमीचं, जेवत जा.

मॅडमची खोली बोळाच्या टोकाला आहे. खिडकीखाली सायकलींची रांग, भिंतीला लांब फळी, फळीवर तपकिरी काचेच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीत एकेक कापडाचा तुकडा. मॅडम पन्नाशीच्या, केस निम्मे पांढरे, आवाज मऊ. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला कसलाच वास नाही. ना साबणाचा, ना घामाचा. त्यांच्याजवळ बसलं की नाकाला सुट्टी मिळाल्यासारखं वाटतं.

९ ऑगस्ट

काम दिसतं सोपं, पण घाम काढतं. मी एक बरणी उघडून हुंगायची आणि वासाचं वर्णन लिहायचं. मॅडम ते वाचतात, मग फळीपाशी जाऊन बरण्या हुंगत हुंगत वर्णनाशी जुळणारी शोधतात. चुकीची उचलली तर वर्णन कच्चं, पुन्हा लिही. बरोबर उचलली तर पक्कं, आणि ती बरणी कपाटात जाते.

पहिल्या दिवशी मी लिहिलं, छान, जुनाट वास. मॅडमनी दोन्ही शब्दांवर रेघ मारली. म्हणाल्या, छान हे तुझं मत झालं, वास कुठे आहे? जुनाट म्हणजे किती जुना? ट्रंकेतला की भिंतीतला? मग मी लिहिलं, भिजून वाळलेली वही, तिच्यावर झोपलेलं मांजर, मांजर उठून गेलेलं. त्यांनी डोळे मिटून तीन बरण्या बाजूला केल्या आणि चौथी उचलली. मला इतका आनंद झाला की बोळातून उड्या मारत गेले.

इतकं मन लावून आजवर मला कुणी शिकवलेलं नाही. माझी एक ओळ त्या दहा वेळा वाचतात.

२३ ऑगस्ट

दमले. सकाळी तास, दुपारी प्रात्यक्षिकं, मग मॅडमकडे. खोलीवर आले की रेडिओ बोलत असते आणि मी बूटही न काढता आडवी होते. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं झालंय माझ्या अभ्यासाचं. पण मॅडमचं काम सोडवत नाही.

आज कपाटातून मांजराची ती बरणी काढली, म्हटलं बघू पुन्हा. वासच नव्हता. नुसतं कापड. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, वास उडून जातोच, तू रसायनशास्त्राची ना? लाजच वाटली. पण बूच तर घट्ट होतं.

कँटीनमध्ये एक विचित्र प्रकार बघितला. मॅडम रांगेत सगळ्यांत पुढे उभ्या, आणि कँटीनवाला त्यांच्या खांद्यावरून मागच्यांना चहा देतोय. एक गेला, दुसरा गेला, मॅडम आपल्या उभ्याच. मी भांडायलाच गेले. तो खरोखर दचकला, म्हणाला, अहो, दिसल्याच नाहीत. मॅडम हसून म्हणाल्या, असू दे गं, सवय झालीय.

५ सप्टेंबर

आता स्वतःचा नमुना. मॅडमचं म्हणणं, तो घरचा हवा, ज्याच्यात आपण वाढलो असा. परक्या वासाचं वर्णन काय, कुणीही करेल.

मी आईची शाल मागवली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघी आणि मंत्री. मंत्री म्हणजे आमचा कुत्रा. दिवसभर झोपतो, कामाच्या वेळी कुठे सापडत नाही आणि मान मात्र सगळ्यांकडून घेतो, म्हणून हे नाव. आम्ही दोघी एकाच शालीत झोपायचो. आई म्हणाली, धुऊन पाठवते. मी म्हटलं, अजिबात धुवायची नाही. तिला पटेना. न धुतलेली शाल मास्तरीणबाईंपुढे ठेवणार, मला काय म्हणतील त्या? शेवटी शपथ घातली तेव्हा तशीच पाठवली.

पुडकं उघडलं आणि रडूच आलं. घरी गेले की आई आधी माझं डोकं धरते आणि टाळूचा वास घेते. आलीस, म्हणते. म्हणजे मी घरी आले ते डोळ्यांनी बघून तिचं भागत नाही. शालीत तोंड घातलं तर तसंच वाटलं, आलीस.

१४ सप्टेंबर

शालीचा एक तुकडा बरणीत गेला, बाकी शाल मॅडमकडेच आहे. पण वर्णन जमत नाही. गरम इस्त्री, मशीनचं तेल, कापडावर रेघा मारायचा खडू, कांदा चिरून साबणाने धुतलेले हात. सगळं खरं आहे, तरी मॅडम रोज चुकीचीच बरणी उचलतात. महिनाअखेर अहवाल दिला नाही तर मायनर बुडाला, दीड महिन्याचं जागरण पाण्यात. डोळे मिटले तरी शब्दच दिसतात.

आज मॅडमनी माझा हात हातात घेतला. त्यांचाही चेहरा ओढलेला होता. म्हणाल्या, यात तू तुझी आई लिहिलीस, पण स्वतःला वगळलंस. त्या शालीत तूही झोपायचीस ना? तू कुठे आहेस यात? आईला तुझा वास कसा येतो, ते लिही.

१९ सप्टेंबर

झालं. सगळं लिहिलं. माझी टाळू, तापातला घाम, शाळेच्या दप्तराचा हातांना लागलेला वास, आईच्या कुशीत माझ्या श्वासाने ओलसर झालेली लोकर. मॅडमनी एकदाच वाचलं. फळीकडे गेल्या त्या थेट, मधे कुठे थांबल्या नाहीत. बरणी उघडून त्यांनी तोंड आत घातलं, आणि बराच वेळ वर केलंच नाही. डोळे भरून आले होते त्यांचे.

मग विचारलं, काही राहिलं नाही ना? मी म्हटलं, नाही. खोटंच बोलले. एक गोष्ट लिहिली नाही. तेवढी माझी माझ्याजवळ असू दे.

अहवाल दिला. आता झोपणार आहे, पोटभर.

२२ सप्टेंबर

शाल परत मिळाली. वास नाही. पुन्हा पुन्हा हुंगली. दुकानातल्या नव्या कापडालाही काहीतरी वास असतो, हिला तेवढाही नाही.

उडून गेला असेल.

मॅडम कँटीनमध्ये भेटल्या. मी पोचायच्या आत कँटीनवाल्याने त्यांना चहा दिला होता, वर विचारत होता, आज लवकर आलात? गेटवरचं कुत्रं त्यांच्या पायाशी शेपटी हलवत होतं. मी शेजारी बसले आणि इस्त्रीचा वास आला. मशीनच्या तेलाचाही. शाल त्यांच्याकडे होती इतके दिवस, म्हणून असेल.

त्या आज फार छान दिसत होत्या. मला म्हणाल्या, दमलीस, घरी जाऊन ये. मग लगेच म्हणाल्या, नाहीतर राहू दे.

२५ सप्टेंबर

पहिल्या बाकावर बसले होते आणि सरांनी गैरहजेरी लावली. मी हजर म्हटलं. दोनदा म्हटलं.

कँटीनवाल्याने माझ्या खांद्यावरून मागच्या मुलीला चहा दिला. मी भांडले नाही. भांडायला अंगात जोर लागतो.

रेडिओने तिची बॅग माझ्या पायांवर टाकली. ओरडले तेव्हा कुठे वळून बघितलं, म्हणाली, अगंबाई, तू आहेस होय. नंतर फोनवर कुणाला तरी सांगत होती की खोलीत सध्या मी एकटीच. मी समोर बसले होते.

माझा सदरा हुंगून पाहिला. दोन दिवस घातलेला. काही नाही. काख, उशी, केस— काही नाही.

२८ सप्टेंबर

आईला फोन केला. तिने अहोजाहो केलं. कोण बोलताय, म्हणाली. मी म्हटलं, अगं मी, तुझी मुलगी. ती हसली, तशी ती गिऱ्हाइकांशी हसते. म्हणाली, काहीतरी घोटाळा होतोय तुमचा, माझी मुलगी आत्ताच आलीय, इथे माझ्याजवळ बसलीय.

मॅडमच्या खोलीला कुलूप. फळीवरच्या बरण्या दारावरच्या काचेतून दिसतात. विचारलं तर कळलं, त्या रजेवर गेल्यात. घरी.

कुणाच्या घरी—

३० सप्टेंबर

आले घरी. भर दुपार. दार उघडंच. मंत्री उंबऱ्यात झोपलेला, मी ओलांडून गेले तरी कान हलवला नाही त्याने.

आत आई बसलेली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मॅडम. पांढऱ्या केसांचं ते डोकं. आई त्यांच्या टाळूचा वास घेत होती आणि म्हणत होती, किती वाळलीस गं बाळा, जेवत जात नाहीस ना?

मी आई म्हटलं. आईने वर बघितलं आणि विचारलं, माप द्यायला आलात का, बसा. टेप घेऊन उठली. तिने माझं माप घेतलं. छाती, कंबर. खांद्याशी थांबली. म्हणाली, खांदे अगदी आमच्या हिच्यासारखे आहेत हो. आणि कौतुकाने मॅडमकडे बघितलं.

मी रडून ओरडून सगळं सांगितलं. आई घाबरून मागे सरली. मॅडम तिला आवरत होत्या. मला हळूच म्हणाल्या, मलाही आई होती. माझ्याही बाईंनी माझी बरणी उचलली तेव्हा मी तुझ्याएवढीच होते. किती वर्षं मला कुणी मांडीवर घेतलं नाही, तुला कल्पना नाही. आता मला उठवू नकोस, मी फार दमलेय. खोटं बोलत नव्हत्या त्या. चेहऱ्यावरच दिसत होतं.

मग मला सुचलं. माझं वर्णन मला पाठ होतं. शब्दावरून माणूस उचलायचा— हेच तर शिकले मी. आईला म्हटलं, डोळे मिटा आणि ऐका. मी म्हणत गेले, टाळू, ताप, दप्तर, ओली लोकर. आईचा चेहरा हळूहळू उजळला. हो, हो, म्हणाली, अगदी अशीच माझी पोर. डोळे मिटलेलेच ठेवून तिने हात पुढे केले. मी जागची हलले नाही. श्वासही घेतला नाही.

ती माझ्यावरून वळली आणि मॅडमना मिठी मारली.

१ ऑक्टोबर

गावातल्याच बसथांब्यावर. बाकावर माझ्या अंगावरच कुणीतरी पिशवी ठेवली. काढली नाही मी.

विचार केला. ती एक गोष्ट— न लिहिलेली. ती मॅडमकडे नाही. आईला सांगितली तर ओळखेल, ओळखेलच. पण मॅडम सारख्या जवळ असतात. ऐकतील, मग तीही त्यांची.

आई एकटी सापडेपर्यंत थांबायचं. लिहायची नाही. कुठेच नाही.

२ ऑक्टोबर

गल्लीतल्या नळापाशी थांबले. आई पाण्याला आली. मॅडम बरोबर.

३

मॅडम बरोबरच.

ती गोष्ट सकाळी नीट आठवेना. अर्धीच— दुपारी आठवली. आता पुन्हा कडेने पुसट होतेय. झोप येतेय, झोपले तर जाईल—

लिहिली की पक्की. पक्की झाली की माझी नाही. नाही लिहिली तर—

काय करू आई

फक्त सुरुवातीचं लिहिते, खूण म्हणून. विसरायच्या आत. मी आजारी होते, तू मशीन बंद केलंस, मला उचललंस, आणि माझ्या मानेमागे, डाव्या कानाच्या जरा खाली, तू