अमृतभाऊंच्या नावानंतर

६ एप्रिल

पिंप्राळ्यातली खोली फारच चांगली मिळाली. गच्चीवर एकटीच, पण तिन्ही बाजूंनी वारा. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मन खट्टू झालं होतं. पन्नाशीला टेकताना पुन्हा भाड्याची खोली आणि स्टोव्हवरची खिचडी. पण आज देव मांडले, दिवा लावला आणि बरं वाटलं. बायको कोकिळा धुळ्याला शाळेत शिकवते. निकाल लावून सुटी लागली की मे महिन्यात ती इकडं येईल. तोवरचेच दिवस काढायचे आहेत.

गच्चीच्या कठड्याला अँटेना बांधली. घरमालकीण कमलबाई खाली कुरडया घालत होत्या. वर बघून म्हणाल्या, "काय भाऊ, हाऊ दांडा कसाना शे? वाळवणले कामे ई का?" मी म्हटलं, अक्का, यावर फक्त गप्पा वाळतात. त्या इतक्या हसल्या की चीक सांडला.

८ एप्रिल

संध्याकाळी पहिल्यांदा जळगावच्या हौशी रेडिओ क्लबचा रिपीटर लागला. हे यंत्र टेकडीवर बसवलेलं आहे. आपल्या हातातल्या लहानशा सेटचा आवाज ते ऐकतं आणि त्याच क्षणी मोठ्या ताकदीनं सगळीकडं पुन्हा सोडतं. धुळ्यालाही तसंच एक आहे. सेटवर ठराविक आकडे दाबले की दोन्ही यंत्रं इंटरनेटवरून जोडली जातात. ध्वनिमुद्रित बाई सांगते, "जोडणी झाली," आणि मी पिंप्राळ्याच्या गच्चीवरून धुळ्याच्या स्वयंपाकघरात बोलू लागतो.

परवान्याची परीक्षा आम्ही दोघांनी मिळून दिली. शिकवलं धुळ्याच्या आमच्या गल्लीतल्या इंदरचंदभाऊंनी. त्यांचं कापडाचं दुकान आहे, पण गल्ल्यापेक्षा सेटवर जास्त जीव. कोकिळा पहिल्या झटक्यात पास झाली, मी दुसऱ्या. आज तिनं तेच सगळ्यांसमोर काढलं. मग विचारलं, जेवलात का. फोनवर रोज हेच विचारते, पण हवेतून आलेला प्रश्न वेगळा लागतो. लांबून आपल्याला कुणी हाक मारतं आणि आपण ओ देतो. माणसाला याहून जास्त काय लागतं, असं वाटून गेलं.

१२ एप्रिल

क्लबच्या मंडळींना भेटलो. चिटणीस भूपेंद्र दीपनगरला वीज केंद्रात आहे. चुडामणनाना वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, जिभेला हाड नाही. मला बघताच म्हणाले, नवरा-बायको दोघांना परवाना म्हणजे घरात समोरासमोर बोलायची बंदीच दिसते!

भूपेंद्रची या महिन्यात संध्याकाळची पाळी लागली आहे. रोज दिवेलागणीला हवेवर सभासदांची हजेरी होते, ती महिनाभर मी घ्यावी असं ठरलं. नाव पुकारायचं, माणूस 'हजर' म्हणतो, चार शब्द बोलतो. घेणाऱ्यानं स्वतःचं नाव शेवटी घ्यायचं. ते घेतलं की हजेरी संपली, मग कुणाचंही नाव पुकारायचं नाही. सध्या नियमानं येणारे थोडेच. आधी इंदरचंदभाऊ, मग चुडामणनाना, मग कोकिळा, शेवटी मी.

पण सगळ्यांच्या आधी एक नाव आहे. अमृतभाऊ. हा रिपीटर त्यांनीच उभा केला. गेल्या दिवाळीनंतर ते वारले. त्यांचं नाव काढलेलं नाही. पुकारायचं आणि थांबायचं. कुणीही बोलण्याचं बटण दाबायचं नाही. यंत्र गप्प होऊ द्यायचं, ती शांतता ऐकायची आणि मग पुढं जायचं. भूपेंद्रनं दोनदा बजावलं. नानांनीही टोमणा न मारता मान हलवली.

रीत मला आवडली.

१९ एप्रिल

आज आखाजी, अक्षय्य तृतीया. कामं तुंबल्यामुळं रजा मिळाली नाही. कमलबाईंनी दिलेल्या निखाऱ्यांवर गच्चीतच पितरांना आगारी टाकली. पुरणपोळीचा घास, तूप, आबांचं नाव, आजोबांचं नाव. आमच्या घरची एक पद्धत आहे. पितराचं नाव घेतलं की घरातल्या एकानं त्यांच्या वतीनं 'ऊनू' म्हणायचं. म्हणजे आलो. आबा सांगायचे, हाक मारून कुणी उत्तर दिलं नाही तर पितर दारातून परत जातं. आज दुसरं कुणी नव्हतं. मीच हाक मारली आणि मीच ऊनू म्हटलं.

संध्याकाळी हजेरी घेतली. अमृतभाऊंचं नाव पुकारलं, बोट उचललं. यंत्राचा बीप झाला, मग काहीच नाही. सकाळची राख अजून कठड्याजवळ होती. सणाच्या दिवशी नाव घेतलेलं माणूस दारात उभं आहे आणि कुणी ओ देत नाही, हे मला सोसवलं नाही. बटण दाबून त्यांच्या वतीनं म्हटलं, "ऊनू."

मग पुढची नावं घेतली. नंतर भूपेंद्रचा फोन आला. त्यानं पाळीवर असतानाही ऐकलं होतं. रागावला नाही. म्हणाला, जीवरामभाऊ, तेवढं करायला नको होतं.

२० एप्रिल

अमृतभाऊंचं नाव पुकारून बोट उचललं, आणि उत्तर आलं. "ऊनू."

कुणीतरी माझी थट्टा केली असं वाटलं. दिवंगत माणसाच्या नावावर थट्टा नको, असं मी जरा कडकपणे सांगितलं. सगळ्यांनी शपथा घेतल्या. नानांनीही. नंतर कोकिळानं फोन करून विचारलं, स्वतःच बोलून स्वतःच का रागावलात? तो तुमचाच आवाज होता.

मी बटण दाबलं नव्हतं.

२१ एप्रिल

अमृतभाऊ. ऊनू. मी पुढं गेलो, दुसरं काय करणार. इंदरचंदभाऊंचं नाव घेतलं. ते रोज "जय जिनेंद्र, हजर" म्हणतात. आज त्यांच्या जागी तोच आवाज आला. ऊनू. त्यामागून इंदरचंदभाऊ आलेच नाहीत.

या वेळी मलाही ओळखू आला. खालच्या पट्टीतला, गावाकडचा, शेवटी थोडा बसणारा. माझाच आहे.

सकाळी कमलबाई दारात येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, किती वेळची हाक मारते, कान गहाण टाकले का? हाक ऐकू आली होती. उत्तर द्यायचं असतं हे सुचलं नाही.

२२ एप्रिल

कोकिळा इंदरचंदभाऊंकडं जाऊन आली. त्यांची बायको सुगनबाई रडत होत्या. भाऊ जेवतात, चालतात, दुकानात बसतात. फक्त नावाला ओ देत नाहीत. मुलगा श्रेयांस डॉक्टरकडं घेऊन गेला. कान चांगले, डोकं चांगलं. कोकिळानं समोर उभं राहून हाक मारली. त्यांनी पाहिलं, ओळखलं. पण एकदा उत्तर देऊन मोकळ्या झालेल्या माणसानं बघावं तसे बघत राहिले.

कोकिळा म्हणाली, सुगनबाई सारखी हाक मारते हो. पन्नास वर्षांची सवय. ती थांबतच नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं असावं.

२३ एप्रिल

ते धुळ्याकडून येत असेल म्हणून आकडे दाबून जोडणी तोडली. बाई म्हणाली, "जोडणी बंद." हजेरी फक्त जळगावपुरती. कोकिळाला सांगून ठेवलं, आज सेट लावू नको.

अमृतभाऊ. ऊनू.

इंदरचंदभाऊंचं नाव मी घेतलं नाही. तरी त्यांच्या जागी उत्तर आलं.

चुडामणनाना. ऊनू.

नाना नेहमी उत्तराआधी एक टोमणा मारतात. मी बराच वेळ त्या टोमण्याची वाट पाहिली.

२४ एप्रिल

भूपेंद्र वरणगावला जाऊन आला. नाना ओट्यावर बसले आहेत. सून जेवायला बोलावते, ऐकतात, उठत नाहीत. हाताला धरून न्यावं लागतं.

ते एकेक नाव पुढं सरकतं आहे. नानांनंतर कोकिळा आहे.

आज हजेरी घ्यायची नाही. सेटची बॅटरी काढली. अँटेनाची वायर सोडवली. दिवा लावून रामरक्षा म्हटली.

२५ एप्रिल

सकाळी भूपेंद्रचा फोन. काल हजेरी चांगली घेतलीत, म्हणाला, पण आवाज थकलेला होता. मी त्याला बॅटरीचं सांगितलं.  मग त्यानं हळूहळू सांगितलं. धुळ्याची जोडणी सुरू होती. माझ्या आवाजानं नावं पुकारली, माझ्याच आवाजानं उत्तरं दिली. मी घालून दिलेला क्रम जसाच्या तसा. अमृतभाऊ, इंदरचंदभाऊ, नाना. मग कोकिळाचं नाव सुरू झालं आणि अर्ध्यातच धुळ्याला वीज गेली. यंत्र बंद पडलं.

यंत्र काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, बॅटरी काढूनही मी बोललोच ना.

कोकिळाला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला. बोला ना, बोला, म्हणत राहिली. अजून ओ देते. मी नुसतं ऐकलं.

धुळ्याच्या बसमध्ये लिहितो आहे. अक्षर हलतं.

मला दारात उभं राहिलेलं माणूस परत जाऊ द्यायचं नव्हतं. एवढंच होतं. आता वाटतं, ते दारात नव्हतंच. ते त्याच्या शांततेत नीट बसलं होतं. आयुष्यभर देवाला हाक मारली. उत्तर आलं नाही म्हणून कधी रागावलो नाही. ती शांतता धरून ठेवता आली. एका माणसाची धरवली नाही. तिच्या जागी माझा आवाज ठेवून आलो, आणि तो आता तिथून उठत नाही.

एक गोष्ट आहे. घेणाऱ्याचं नाव शेवटचं. ते झालं की हजेरी संपली. मी घालून दिलेल्या क्रमानंच तो आवाज चालतो. मग क्रम बदलता येईल. नानांनंतर माझं.

२५ एप्रिल, धुळे

कोकिळाला आनंद झाला. न कळवता आलात म्हणाली. वांगी भाजायला ठेवली आहेत. भरीत करते आहे. तिला काही सांगितलं नाही. सेटमध्ये बॅटरी घालून मागच्या ओसरीवर बसलो.

आकडे दाबले. जोडणी झाली.

अमृतभाऊ —

इंदरचंदभाऊ —

नाना —

सगळ्यांची उत्तरं आली. आत बत्ता चालू होता. मिरची-लसणाचा वास. बत्ता थांबला की मी आत बघायचो. पुन्हा सुरू झाला की —

मग माझं नाव घेतलं. जीवराम. बोट उचललं.

उत्तर आलं. माझ्याहून चांगलं. घाई नाही, थकवा नाही.

मी म्हटलं, हजेरी संपली. बीप झाला. यंत्र गप्प झालं. मी थांबलो. तिचं नाव आलं नाही. खूप थांबलो. आलं नाही.

या वेळी शांतता धरली.

—

आत गेलो नाही अजून. बसलो आहे. बरं आहे. भीती होती ती कुठं गेली कळत नाही. तिच्यासोबत बाकीचंही —

तिचा सेट लावलाय का, मी कोकिळाला विचारलं. लावला नाही. ती बोलते आहे. कुणीतरी तिला दारातून काही विचारलं, तिनं उत्तर दिलं. ती ओ देते. बरं झालं. हे मला बरं वाटतं असं लिहून ठेवतो, म्हणजे नंतर —

भरीत झालं म्हणते आहे.

हाक मारते. अहो. ऐकू येतं, स्वच्छ. तिचा आवाज मला ओळखू येतो, तो लिहून —

पुन्हा मारली. नाव नाही घेत ती, अहोच म्हणते. त्यालाही उत्तर कुणी दिलंय बहुतेक. आधीच.

सुगनबाई थांबत नाही, असं कोकिळाच म्हणाली होती. ही पण —

पुन्हा. आता दारात आली आहे. हसते आहे. काय म्हणावं ते मला माहीत आहे, एकच शब्द आहे, तो