टेपसमोर उभी राहण्याची कारणे आणि घराची व्यवस्था

मी, श्रीमती यशोदा केशव भोयर, वय ७६, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार हिंगणघाट, जिल्हा वर्धा, कोणाच्याही दडपणाशिवाय व पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले तेव्हा ते अजून बहात्तरवर होते.

१. दाखला लागला तो माझा पुतण्या सुमीत याच्या कृपेने. दर २४ ऑक्टोबरला, झांबियाच्या स्वातंत्र्यदिनी, मी अंगणात त्या देशाचे राष्ट्रगीत टेपवर लावते व संपेपर्यंत ताठ उभी राहते. यंदा सुमीतने त्याचे चित्रीकरण करून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले : "पाहा, काकूचं डोकं सरकलं. टेपरेकॉर्डरले सलामी देऊन राह्यली." डोके सरकल्याचे ठरले की हे मृत्युपत्र रद्द, आणि मला मूलबाळ नसल्याने घर त्याचे वडील, म्हणजे माझे दीर सदाशिवराव यांच्याकडे. माझ्या प्रकृतीची इतकी काळजी त्याने आजवर कधी केली नव्हती. मला भरून आले.

२. तेव्हा कोर्टाच्या सोयीसाठी त्या गीताची माहिती देते. त्याची चाल १८९७ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मिशन शाळेच्या एका मास्तरांनी प्रार्थनेसाठी बांधली. ती देशोदेशी गेली. टांझानियाने घेतली, झांबियानेही. झांबियाने १९६४ साली शब्दांसाठी स्पर्धा ठेवली. एकही रचना अख्खी पसंत पडेना, म्हणून सहा जणांच्या ओळी जोडून गीत केले. सहा जणांनी मिळून एखादे काम पुरे केल्याचे उदाहरण भोयर घराण्यात नाही, म्हणून मुद्दाम नमूद करते. अर्थ असा : उठा, अभिमानाने देशाचे गुण गा; झगडून स्वातंत्र्य मिळवले, आता सारे एक आहोत; देवाचे आभार.

३. १९७४ साली मी व माझे पती केशवराव तिथे मोंगू गावी शिकवायला गेलो. पहिल्याच सकाळी पोरे गाऊ लागली. चाल चर्चसारखी वाटली; ही किरिस्तावांची प्रार्थना, आपला काय संबंध, असे समजून मी खुर्चीवर बसून राहिले. चारशे माणसे उभी आणि हिंगणघाटची विदुषी बसलेली. शेजारच्या शिक्षिका मिसेस मुलेंगा यांनी नंतर हळूच सांगितले की ते राष्ट्रगीत होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

४. १९८३ साली केशवराव तिथेच हिवतापाने गेले. आपल्यातले कोणी जवळ नव्हते. चितेपाशी सगळी शाळा आली. कोणती प्रार्थना म्हणावी हे त्यांना कळेना. मिसेस मुलेंगांनी विचारले, "आमचं कोणतं गाणं तुम्हाला अख्खं येतं?" मला एकच येत होते. मला त्यांच्यासोबत गाता यावे म्हणून त्यांनी तेच म्हटले. मी त्या दिवशी कोसळले नाही ते त्यामुळे. म्हणून मी उभी राहते. हे वेड असेल तर ते मला मान्य आहे.

५. सदाशिवरावांच्या सांत्वनपत्रात शेवटी ओळ होती : "वहिनी, येताना टेपरेकॉर्डर आणजा, जपानीच पाहजा." तो टेपरेकॉर्डर मी त्यांना देत आहे. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व.

६. सुमीतला माझी गणिताची पुस्तके. तो ज्याला दाखवेल त्याला कळतील.

७. राहते घर, जे मी माझ्या पगारातून बांधले, ते सुमीतची पत्नी स्वरदा हिच्या एकटीच्या नावे. चित्रीकरणाच्या दिवशी ती मला जेवायला बोलवायला आली होती. गीत चालू होते. तिला त्यातले अक्षरही कळत नव्हते, तरी चपला काढून ती माझ्या शेजारी उभी राहिली. सुमीतने तेवढा भाग कापून टाकला. मग तो तिच्यावर ओरडला, "तू काऊन उभी राह्यली?"

ती म्हणाली, "काकू एकट्याच होत्या ना."

सही : यशोदा केशव भोयर
साक्षीदार : १) प्रफुल काळबांडे, वकील २) प्रमिलाबाई सातपुते, शेजारीण
हिंगणघाट, ११ नोव्हेंबर २०२५