ऑर्व्हिलला दिलेला शब्द

३ नोव्हेंबर

आज पुन्हा सूर फुटला! चोवीस सूर, फक्त चोवीस. एकतीस वर्षं गावातल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या दफनाला बिगुलावर ही अखेरची सलामी मीच वाजवली. या नव्या कवळीने ओठांतला दमच काढून घेतला. गोठ्यात जाऊन सराव करतो, तर गाईसुद्धा तोंड फिरवतात.

५ नोव्हेंबर

सलामी पथकाचा म्होरक्या ड्वेन नवा बिगूल घेऊन आला. आत यंत्र! बटण दाबायचं, ओठाला लावायचा, गाल फुगवायचे – वाजवतो दुसराच कुणी, कधीतरी ध्वनिमुद्रित केलेलं. म्हणे, हल्ली सगळीकडे हेच चालतं, लोकांना कळतसुद्धा नाही. मेलेल्या माणसाशी शेवटची लबाडी! तोंडावर सुनावलं त्याला.

९ नोव्हेंबर

ऑर्व्हिलला भेटून आलो. इतकी वर्षं तो शवपेटीवरच्या झेंड्याची घडी घालायचा, मी वाजवायचो. आता नुसती हाडं उरलीत. ड्वेनच्या त्या बटणाच्या खेळण्याचं ऐकून हसला, मग बराच वेळ खोकला.

"माझ्या वेळी तू स्वतः वाजव, लाइल. चुकलं तर चुकू दे. बटण दाबलंस तर उठून बसेन."

शब्द दिला.

१४ नोव्हेंबर

ऑर्व्हिल गेला.

१७ नोव्हेंबर

आज ऑर्व्हिलचं दफन. नेब्रास्काची ही मेली थंडी! ड्वेनने निघताना आपलं खेळणं माझ्या काखेत कोंबलंच. "असू दे, वेळेला." मी नेहमीसारखा लांब, देवदाराच्या आडोशाला उभा. बंदुकांच्या तीन फैरी झाल्या. आता माझी पाळी. माझे ओठ थरथरायला लागले. सगळ्यांसमोर फजिती होणार, एवढंच डोक्यात. ऑर्व्हिल नव्हता डोक्यात, मीच होतो! माझा बिगूल गवतावर ठेवला. ड्वेनचा उचलला, बटण दाबलं, गाल फुगवले.

एकही सूर चुकला नाही. नंतर हॉलमध्ये सँडविच खाता खाता लोक पाठ थोपटत होते. ड्वेन म्हणाला, "सांगितलं होतं ना?" एक ठेवून द्यावीशी वाटली. पण कुठल्या तोंडाने?

१८ नोव्हेंबर

सकाळी ऑर्व्हिलची बायको मार्लिस आली. आत यायला तयार नव्हती, दारातच उभी राहिली.

"एवढी वर्षं प्रत्येक दफनाला तुझं वाजवणं ऐकलंय मी. काल तू वाजवलं नाहीस."



"कुणाला सांगणार नाही," म्हणाली, आणि गेली.

तिने सांगितलं असतं तर सुटलो असतो.