बाईंना कधी सांगायचं

३ मार्च, सोमवार

राजीनामा दिला. हेड सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "इतक्या वर्षांनी?" मग लगेच — "एक महिना भरावा लागेल हं."

ताईला फोन केला. रडली. भावोजी गेले तेव्हासुद्धा फोनवर रडली नव्हती. "वरची खोली झाडून ठेवते," म्हणाली. तिच्या घराजवळच्या दवाखान्यात मला जागा मिळाली आहे. काम हेच — डायलिसिसची मशीनं, सुया, एकेका पेशंटचे चार-चार तास.

खोलीवर आलो. आनंद झाला होता. सांगायला कोण? खिडकी उघडली, बंद केली. भात जरा जास्तच लागला होता, तसाच खाल्ला.

५ मार्च, बुधवार

हेड सिस्टर म्हणाल्या, पेशंटना इतक्यात सांगू नका. घाबरतात, उगाच कटकट. शेवटच्या दिवशी सांगा आणि निघा.

बाकीच्यांचं ठीक आहे. मास्तरीणबाईंचं काय करू? सोमवार, बुधवार, शुक्रवार — कोपऱ्यातली खुर्ची. जन्मभर भूगोल शिकवला. हातातली शीर अशी नाठाळ की सुई टेकली की सरकते. मला ती कळते. सहा वर्षांत दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिलेला नाही. एकदा मी तापाने घरी होतो तर मशीनला न लागताच परत गेल्या, दुसऱ्या दिवशी धापा टाकत आल्या. मी भडकलो. त्या म्हणाल्या, "तू ओरडू नकोस, सुई घाल."

७ मार्च, शुक्रवार

बाई आपणहून बोलत होत्या. "डॉक्टरांनी मूत्रपिंडं गेली म्हणून सांगितलं, आणि पहिली सुई लागली — मध्ये आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी कपाटं लावली, बहिणीकडे जाऊन आले, एकदा पोटभर रडले. आधी सांगितलं म्हणून जमलं. माणसाला आधी सांगावं रे."

माझ्या हातात चिकटपट्टी होती. ती नीट लावत बसलो.

१० मार्च, सोमवार

आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

१२ मार्च, बुधवार

माझ्या जागी येणारा माणूस रुजू झाला. दारातून वाकून आत येतो, म्हणून मी मनात त्याचं नाव लंबू ठेवलं. बायको, दोन मुलं, डब्यात चौघांना पुरेल एवढं. मला आग्रह करून वाढतो. सुई घालताना हात अजून जड आहे.

१४ मार्च, शुक्रवार

सांगितलं — ताईकडे जातोय, तिथेच काम मिळालंय.

"कधी ठरलं?"

"तीन तारखेला."

"आज चौदा." त्यांनी बाही वर सारली. "मग माझ्या हाताचं काय?" माझ्याकडे नाही, हाताकडेच बघून म्हणाल्या. नंतर भिंतीकडे तोंड करून पडल्या. जाताना वळूनही पाहिलं नाही.

१७ मार्च, सोमवार

राजीनामा परत घेतला. हेड सिस्टर खूश. लंबूलाही ठेवून घेणार आहेत, माणसं कमीच आहेत.

ताईला सांगितलं. "बरं," म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसतं "बरं". त्या खोलीचं काय केलंस, हे विचारायचा धीर झाला नाही. तिकडच्या दवाखान्याला अजून कळवलेलं नाही. उद्या कळवीन.

१९ मार्च, बुधवार

वाटलं होतं, बाईंना आनंद होईल.

"का राहिलास?"

"तुमच्यासाठी."

"मी राहा म्हटलं?"

"म्हटलं नाही, पण —"

"मग माझ्या नावावर पावती फाडू नकोस. तुला जायची भीती वाटली, तू राहिलास. मला त्यात ओढू नको."

सुई पहिल्या खेपेला लागली. तेवढंच एक आज नीट झालं.

२१ मार्च, शुक्रवार

बाई आल्या त्या कोपऱ्यात गेल्याच नाहीत. थेट लंबूच्या बाजूला जाऊन बसल्या. हेड सिस्टरांना म्हणाल्या, "यापुढे मला हे उंच गृहस्थ चालतील."

लंबूची सुई चुकली. परत चुकली. हात टरारून सुजला, बर्फ लावावा लागला. मी चार खुर्च्यांपलीकडे उभा. एक हाक मारली असती तर धावलो असतो. बाई छताकडे बघत होत्या.

२४ मार्च, सोमवार

पुन्हा तेच. दंड ते मनगट काळंनिळं. लंबू घामाघूम. त्या त्याला म्हणत होत्या, "घाई नाही, मी कुठे जातेय?" माझ्याशी असं मऊ कधी बोलल्या नाहीत.

मला कळत नाही मी कुणाचा कोण. रविवारभर मी गोष्टी साठवून ठेवायचो — जिन्यात मांजर व्यायली, खालच्या दुकानदाराने दात बसवले — बाईंना सांगायला. काल एवढं साठलं होतं. कुणाला सांगू? लंबूने डबा पुढे केला, भूक नाही म्हटलं.

२६ मार्च, बुधवार

बाईंनी नमस्कारही केला नाही. तिकडे अजून कळवलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आज लंबूची सुई पहिल्या फटक्यात लागली. बाईंनी डोळे मिटले. आजूबाजूचे दोघे-तिघे हसले, एकाने टाळी वाजवली. मीही वाजवायला हवी होती.

खरं लिहितो. चुकावी असं वाटत होतं. असं वाटणारा माणूस कुणासाठी राहिला म्हणे!

घरी येऊन दिवा न लावता बसून राहिलो. आता इथे माझी गरज कुणालाच नाही. आणि ताईला मी स्वतःच नाही म्हणून बसलोय.

३१ मार्च, सोमवार

लंबूने चहाला थांबवलं. कप हातात फिरवत होता. मग म्हणाला, "बाईंनी शपथ घातली होती, पण मला राहवत नाही." पहिल्याच दिवशी सुई चुकल्यावर त्याने बाईंना हात जोडून सांगितलं होतं — मला नाही जमत, त्यांनाच बोलावतो. बाईंनी त्याचं मनगट धरलं. म्हणाल्या, "बोलावलंस तर तो येईल, आणि मग कधीच जाणार नाही. दुखलं तरी मी ओरडणार नाही. तू शीक. त्या पोराची बहीण वाट बघत असेल."

चहा तसाच ठेवून हेड सिस्टरांकडे गेलो, पुन्हा राजीनामा द्यायला.