जन्मस्थळ : कराची

७८६

अल खोबर,
२ फेब्रुवारी १९९१

प्रिय बंधू तौकीर यास,

सलाम व दुआ. आम्ही दोघे खुशाल आहोत. न्यू जर्सीत तू, भावजय व मुले खुशाल असावीत. कुवेतच्या सरहद्दीजवळच्या खफजीची लढाई तू टीव्हीवर आमच्याआधी पाहिली असशील. आमचे कार्यालय ऑगस्टमध्येच तेथून येथे हलवले, तेव्हा काळजी नसावी. इराकी क्षेपणास्त्रांचा भोंगा वाजला की आम्ही न्हाणीघरात जाऊन बसतो. घरचे कोळंबीचे लोणचे संपत आल्याची तुझ्या भाभीची, मेहनाजची तक्रार आहे. यावरून परिस्थितीचा अंदाज यावा.

माझ्या ग्रीन कार्डासाठी तू पाठवलेले प्रतिज्ञापत्र सही न करता परत पाठवीत आहे. मसुदा व्यवस्थित आहे, टंकलेखनाची एकही चूक नाही. त्यातील दोन विधाने तेवढी खोटी आहेत.

पहिले विधान जन्मस्थळाचे. माझा जन्म कराचीचा, असे मी फोनवर म्हणताच तू उसळलास. "भाई, हे कराची आता कुठून काढलंस? शाळेच्या दाखल्यावर गाव, पासपोर्टवर गाव. तिकडे युद्ध पेटलंय आणि तुला पाकिस्तानी व्हायची हौस आलीय?"

मी जन्मलो तेव्हा कराची मुंबई इलाख्यात होती आणि अब्बा तेथील गोदीत कामाला होते. फाळणीच्या कितीतरी आधी ते मला घेऊन गावी परतले. मी भारताचा नागरिक आहे, आणि त्यासाठी मला माझा जन्म हलवण्याची गरज नाही. शाळेत अब्बांनी गावाचे नाव सांगितले, मास्तरांनी ते लिहिले, पासपोर्टवर तेच उतरले. आजवर ते इतरांनी लिहिले. शपथेवर मी लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे.

दुसरे विधान आईचे.

त्याच फोनवर तू म्हणालास, "आणि आईला जरा समजाव. गावचा वकील तिचं प्रतिज्ञापत्र घेऊन घरी गेला तर सहीच करेना. त्याला म्हणते, 'जाफर माझाच हाय, पन त्याला मी जन्म दिला असं अल्लाला कुठल्या तोंडानं सांगू?' भाई, वय झालंय तिचं. डोकं ठिकाणावर नाही."

तेव्हा भोंगा वाजला म्हणून मी फोन ठेवला, असे तू समजला असशील. भोंगा नंतर वाजला.

आईचे डोके पूर्ण ठिकाणावर आहे. माझ्या जन्मदात्या आईचे नाव हलिमा. मला जन्म दिला त्याच दिवशी ती गेली. तिची कबर कराचीतच आहे. शरफुन्निसा ही तिची धाकटी बहीण. बाळंतपणात हाताशी कोणी असावे म्हणून तिला गावाहून बोटीने बोलावून घेतले होते. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. पुढे अब्बांनी तिच्याशी निकाह केला आणि तू झालास. म्हणजे तुझी आई माझी मावशी. मला कोणी सावत्र म्हणू नये म्हणून अब्बांनी घरात हा विषय कायमचा बंद केला. तिनेही पानात वाढताना आपल्या दोघांत माशाच्या तुकड्याचा फरक कधी केला नाही. पण बहिणीने जीव देऊन जे केले, ते ती स्वतःच्या नावावर घेणार नाही; त्यापायी माझी अमेरिका बुडाली तरी नाही. ती घेत नाही, तर मी तिच्या नावावर कसे लिहून देऊ?

आमचा कफील, म्हणजे येथील नोकरीचा जामीनदार, आजवर माझा पासपोर्ट स्वतःकडे ठेवीत असे. युद्धामुळे त्याने तो माझ्या हाती ठेवला आणि म्हणाला, "यल्ला, घरी जा." तुझ्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी मी तो जन्मस्थळाच्या दुरुस्तीसाठी रियाधच्या वकिलातीकडे पाठवला. तो परत येईपर्यंत मला हा देश सोडता येणार नाही, हे जाणूनच पाठवला. मेहनाज म्हणाली, "लोक गॅसचे मास्क शोधत फिरतायत, आणि तुम्ही जन्मगाव!" मग तिनेच पाकिटाला डिंक लावला.

आता नवा मसुदा कर. जन्मस्थळ कराची. आईचे नाव हलिमा. साक्षीदार शरफुन्निसा, नात्याने मावशी, प्रसूतीच्या वेळी खोलीत हजर. त्या खोलीतले हयात असलेले तेवढे एकच माणूस आहे. याहून भक्कम पुरावा तुझ्या वकिलाला सापडणार नाही. यावर ती सही करील, मीही करीन. आपले वडील एक आहेत. तेवढे नाते तिकडच्या सरकारला पुरत नसेल, तर अर्ज खुशाल फेटाळू दे. खोटी आई दाखवून मी कोणत्याही देशात पाऊल ठेवणार नाही.

त्याआधी गावी फोन कर. तिला वेडी म्हणाला असशील, तर माफी माग. आणि हे पत्र वाचून तिला काही विचारू नकोस. तिला बोलावेसे वाटेल तेव्हा ती बोलेल. तिला मावशी म्हणण्याचा हक्क मला जन्मापासून आहे. तो मी कधी वापरला नाही, वापरणारही नाही.

हलिमाचा मुलगा, शरफुन्निसाचाही,
आणि म्हणूनच तुझा थोरला भाऊ,
जाफर