माझं दहावं झालेलं आहे

१२ नोव्हेंबर १९५९

डॉक्टरांनी ही वही कधीच दिली होती. रोज थोडं लिही म्हणाले, मन हलकं होईल. मी टाळलं. आधी पेन्सिलीला टोक नव्हतं, मग खिडकीत साळुंक्या भांडत होत्या, मग भुसावळची गाडी गेली आणि तिचा धूर बघत बसलो. खरं म्हणजे भीती — लिहिलं तर पुन्हा तसंच होईल!

तर मी चुनीलाल. वय सतरा, सातवी नापास. घर तापीकाठी, प्रकाश्याजवळ. हल्ली मुक्काम मिशनच्या दवाखान्यात, मनाच्या आजाराच्या खोल्यांत. खांडबाऱ्याच्या फलाटावर पडलो होतो. बोलत नव्हतो, खात नव्हतो. हमालांनी बैलगाडीत घालून इथे आणलं.

१३ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. भाद्रपदात नदी भरली होती आणि मला जगायचं नव्हतं. का, ते सांगता येत नाही. कापूस बरा होता, घरात कोणी बोललं नव्हतं. नुसतं आत सगळं विझलेलं. सदरा, टोपी, चपला काठावर ठेवल्या. पाण्यात पाय घातला आणि घाबरलो. घरीही जाववेना. तसाच उघड्या अंगानं चालत सुटलो. चालणं तेवढं मला येतं — माय म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे.

१९ नोव्हेंबर

डॉक्टरांनी घरी निरोप धाडला होता. आज पितांबरदादा आला. डोक्यावर नुकते उगवलेले केस. विचारलं, दादा, कोण गेलं?

चौकट धरून उभा होता. म्हणाला, "तू."

कपडे मिळाले, देह मिळाला नाही. भटजींनी दर्भाचा पुतळा करवून घाटावर जाळला. दहावं, तेरावं, जेवणं, सगळं यथासांग. मी काय विचारावं — तर गोड काय केलं होतं! दादा हसला, आणि हसता हसता रडायलाच लागला.

मला घरात घ्यायचं तर आता पुन्हा जन्म द्यावा लागणार. तुपाची अंघोळ, पाचवी, बारसं, आणि त्याच बायकोशी नव्यानं लग्न. मिशा फुटलेला मी, पाळण्यात! माय तयार आहे. आबा तयार नाहीत, मी पुन्हा जाईन ही त्यांना धास्ती. त्यांचे शब्द दादानं जसेच्या तसे सांगितले — "एक डाव रडी लिधं. तो आखो गया तं मन्हा आंगमा रडाले बळ नही."

२० नोव्हेंबर

काही नाही.

२४ नोव्हेंबर

जेवण परत पाठवत होतो. हिरीबाई, इथली आया, नवापूरकडच्या डोंगरातली, ताट घेऊन पलंगावरच बसली. मेलेला माणूस रुसतो होय रे, म्हणाली. खाल्लं. वालाची भाजी होती, पुन्हा मागितली. "मेलेला माणूस भाजी परत मागतो, हे पहिल्यांदाच बघते बाई!"

३ डिसेंबर

जसोदा. वैशाखात लग्न झालं आमचं, दिवाळीनंतर ती नांदायला येणार होती. पदर इतका खाली की चेहरा पाहिलाच नाही. जाता जाता दादा म्हणाला, दहाव्याला तिच्या बांगड्या फोडल्या. माहेरी आहे. तिचा बाप दुसरीकडे द्यायचं बघतोय.

चांगलंच आहे. माझ्यासारख्यापाशी काय मिळणार होतं तिला. चांगलंच आहे.

ती रडली का, हे दादाला विचारलं नाही.

१० डिसेंबर

डॉक्टर म्हणतात, झोप लागते, बोलतोस, आता घरी जायला हरकत नाही. पण एकट्याला सोडणार नाहीत. न्यायला कुणीतरी आलं पाहिजे. मी म्हटलं, येतील. कोण येणार? ज्याला जाळलं त्याला न्यायला!

११ डिसेंबर

काल पुन्हा नदी मनात आली. सकाळी डॉक्टरांना सांगून टाकलं. रागावले नाहीत. सांगितलंस हे फार बरं केलंस, म्हणाले. माझा पलंग हिरीबाईच्या खोलीशेजारी हलवला.

१४ डिसेंबर

हिरीबाई धावत आली. फाटकाशी एक मुलगी आहे. एकटी. मी जिवंत असल्याचं कानावर आलं तशी माहेरी कुणाला न सांगता निघाली, खांडबाऱ्याला उतरून पायी आली. डॉक्टरांनी नाव विचारलं — जसोदा. तिला समजावलं, अजून तुमच्या भटजींनी, सासऱ्यांनी याला जिवंत धरलेलं नाही, तू न्यायला कशी आलीस? तर म्हणाली, "त्यास्नं ते बघोत. मी त्यास्ले लेवाले उनू."