मनगटातली रेघ

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
पुणे, ता. २७ ऑगस्ट १९३४

ती. काशीअक्का हिस,
मल्लप्पाचा सा. न. वि. वि.

कॉलेजच्या हुतूतूच्या संघात माझे नाव लागले. पहिल्या वर्षाचे आम्ही दोघेच आहोत. आमचे जिमखान्याचे सेक्रेटरी, जे गड्ड्याच्या यात्रेत शाळेचा सामना बघायला मुद्दाम सोलापूरला आले होते, ते सगळ्यांना सांगतात की हा पोरगा मी हेरून आणला, याचा दम मोजायला घड्याळ पुरत नाही. फी माफ, वसतिगृहात राहणे-जेवणे फुकट, हे सगळे त्यांनी शब्दाप्रमाणे केले. जेवणाचे मात्र विचारू नकोस. आमटीत गूळ घालतात आणि भाकरी मागितली तर आचारी हसतो.

परवा नारळी पौर्णिमेला माझा वाढदिवस. अव्वाने गव्हाची गोड हुग्गी केली असेल आणि माझ्या वाटची तू खाल्ली असशील. सामन्यांच्या नियमांचे छापील पत्रक सोबत पाठवतो. आम्ही कोणी वाचत नाही, तुला करमणूक होईल. अप्पांनी तुझ्यासाठी पुन्हा स्थळ आणलेच तर आधी त्याला इस्पितळातल्या तुझ्या अंधाऱ्या खोलीत ने आणि छातीचा एक्स-रे काढ, म्हणजे तो आपोआप पळेल.

अव्वा-अप्पांना नमस्कार. माझ्यावर रागवायचे असेल तेवढे रागव, पण पत्र पाठव.
तुझा भाऊ,
मल्लप्पा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ३ सप्टेंबर १९३४

चि. मल्लप्पा यास,
काशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्रक वाचले. चौथा नियम असा आहे की खेळासाठी म्हणून कोणत्याही विद्यार्थ्यास सवलत देऊ नये. तुझी फी कोणत्या कारणाने माफ झाली, ते अप्पांना विचारले. ते म्हणाले, सेक्रेटरींनी अर्जात मुलगा निराधार आहे असे लिहायला सांगितले. अप्पांचे भुसाराचे दुकान भर बाजारात आहे आणि अर्जावर सही त्यांचीच आहे. मी हे दाखवून दिले तेव्हा ते ज्वारी मापतच राहिले आणि म्हणाले, निराधार तर निराधार, पोरगं शिकतंय की.

पाचवा नियम, खेळाडू बावीस वर्षांच्या आतला हवा. सातवा, यादीतले नाव आणि दाखल्यातले नाव एकच हवे. नियम पाठ कर. दम तुझ्याकडे आहेच.

हुग्गी झाली. तुझ्या वाटची अव्वाने नेहमीप्रमाणे झाकून ठेवली, मी खाल्ली नाही. स्थळांच्या छातीचे एक्स-रे काढायला माझी हरकत नाही. क्षय लग्नाआधी कळलेला बरा.

अभ्यासाच्या तासांना बसत जा. इकडचे सगळे ठीक आहे, तिकडचे तसेच राहो.
काशी


पुणे, ता. २५ सप्टेंबर १९३४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. आमच्याशी पहिला सामना ज्यांचा आहे त्या कॉलेजने समितीकडे माझ्याविरुद्ध तक्रार केली आहे. त्यांनी सोलापूरच्या म्युनिसिपालिटीतून जन्माचा उतारा आणला. त्यात अप्पांचे नाव, आपली पेठ, मुलाचे नाव मल्लप्पा, जन्म ऑगस्ट १९११. म्हणजे मी तेवीस वर्षांचा आणि खेळायला अपात्र! माझ्या शाळेच्या दाखल्यावर डिसेंबर १९१६ आहे, पण ती तारीख मास्तरांनी ठोकून दिलेली, असेच मी आजवर समजत होतो. उताऱ्यात दिवस नारळी पौर्णिमेचाच आहे, म्हणून मला काही बोलता आले नाही.

सेक्रेटरी आता मला पाहून मान फिरवतात. वसतिगृहाच्या कारकुनाने स्पष्टच सांगितले की खेळायचे बंद झाले तर खोली आणि फीची माफी दोन्ही जातील. सोबतची मुले मला आजोबा म्हणतात.

अक्का, ही नोंद कोणाची? मी अठराचा की तेवीसचा, एवढेच कळव.
मल्लप्पा


सोलापूर, ता. ३० सप्टेंबर १९३४

चि. मल्लप्पा यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू विचारलेस म्हणून लिहिते. घरात हे कोणी बोलत नाही.

उतारा खरा आहे, पण तो तुझा नाही. १९११च्या नारळी पौर्णिमेला आपल्याला एक भाऊ झाला. त्याचे नाव मल्लप्पा. अप्पांनी त्याची नोंद केली. १९१६च्या सुरुवातीला प्लेग आला तेव्हा आपण गावाबाहेर झोपड्यांत राहायला गेलो होतो. तिथे तो गेला. मी सात वर्षांची होते. त्याला आपल्या रुद्रभूमीत पुरले. त्या मृत्यूची नोंद अप्पांनी केली नाही. काल मी म्युनिसिपालिटीत जाऊन पाहिले, ती नाहीच.

त्याच मार्गशीर्षात अक्कलकोटकडे आजोळी तू झालास. तुझी नोंद तिथे कोणी केली नाही. तुला मांडीवर घेऊन अव्वा म्हणाली, माझा मल्लू परत आला. जो परत आला त्याचे पुन्हा बारसे कशाला, म्हणून बारसे झाले नाही. वाढदिवसही त्याचाच राहिला. अप्पांनी आधी तिची समजूत घातली, मग सोडून दिले. शाळेत नाव घालताना मात्र त्यांनी तारीख खरी सांगितली.

तू सतरा वर्षे पूर्ण केली आहेस, डिसेंबरात अठरा होशील. तुझ्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

समितीला काय पुरावा लागतो ते विचारून कळव. जेवत जा.
काशी


पुणे, ता. ८ ऑक्टोबर १९३४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. पुष्कळ वेळा वाचले.

समितीचे म्हणणे असे की थोरला मुलगा वारला हे जन्मदात्या आईने मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञेवर सांगावे. वडिलांचे चालणार नाही, कारण फीच्या अर्जावर त्यांची सही आहे आणि त्यांचा लाभ आहे. मुदत नोव्हेंबरअखेर.

हे मी अव्वाला विचारणार नाही आणि तूही विचारू नकोस. दिवाळीला येताना ट्रंक घेऊनच येतो. गिरणीत हजेरी कारकुनाची जागा निघते, असे अप्पा म्हणत होते.

तो माझ्यासारखा दिसत होता का?
मल्लप्पा


सोलापूर, ता. २२ नोव्हेंबर १९३४

चि. यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दिवाळीत मी तुझ्या मनगटाची जी एक्स-रे प्लेट घेतली, ती आमच्या डॉक्टरांच्या सहीच्या दाखल्यासह समितीकडे गेली होती, हे तुला माहीत आहे. मनगटाशी हाडाचे टोक अजून दांड्याला पूर्ण जुळलेले नाही, मध्ये बारीक काळी रेघ आहे. तेवीस वर्षांच्या माणसाला ती असत नाही. तू परत गेल्यावर समितीने प्लेट परत पाठवली. प्लेट घेणारी खेळाडूची सख्खी बहीण आहे आणि हाडावर नाव लिहिलेले नसते, असे त्यांनी कळवले. त्यांचे म्हणणे चूक नाही. आश्चर्य इतकेच की तू निराधार आहेस की नाही, हे त्यांनी कुठेच विचारलेले नाही.

अव्वाला मी काही विचारले नाही. पार्सल तिने उघडले. मी कामावरून आले तेव्हा ती प्लेट खिडकीशी धरून उभी होती. तिने विचारले, हे काय. मी म्हटले, हात. कोणाचा, तर मल्लूचा. मग तिने रेघेवर बोट ठेवले. मी सांगितले की वाढते हाड असे असते, एकोणीस-विसाव्या वर्षाच्या सुमारास ते जुळते. तिने विचारले, पौर्णिमेच्या मल्लूची रेघ आतापर्यंत जुळली असती का. मी म्हटले, जगला असता तर जुळली असती, तीन-चार वर्षांपूर्वीच. तिने रेघेवरचे बोट काढले आणि म्हणाली, मग हा हात त्याचा नव्हे. मी म्हटले, नव्हे.

तिने प्लेट कागदात गुंडाळून मला दिली आणि चूल पेटवली. सकाळी अंघोळ करून, विभूती लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, कुठं जायचं हाय ते चल.

कचेरीतल्या कारकुनाने मुले किती विचारले. तिने सांगितले, मुलगी एक, मुलगे दोन. मेलेल्याचे नाव विचारले, ते स्पष्ट सांगितले. कधी, कशाने, कुठे पुरला, तेही सांगितले. जागा सांगताना तिने कोणत्या चिंचेपासून किती अंतरावर, हेसुद्धा सांगितले. ती तिथे जाते हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हते. मग त्याने जिवंत मुलाचे नाव विचारले. ती गप्प. त्याला वाटले बाईला ऐकू येत नाही, म्हणून त्याने मोठ्याने कानडीत विचारले. तेव्हा ती म्हणाली, त्याचं नाव ठिवायचं राहिलं. कारकून हसला, म्हणाला, अव्वा, अठरा वर्षं राहिलं व्हय. शेवटी नाव मी सांगितले. दोन्हीकडे एकच नाव आले, म्हणून त्याने एकापुढे मयत आणि दुसऱ्यापुढे हयात असे लिहिले. अव्वाने अंगठा केला. शिक्का बसून कागद काल हाती आला आणि आजच्या टपालाने समितीकडे गेला. तू पात्र ठरशील, यात मला शंका वाटत नाही.

त्या दिवसापासून ती तुझे नाव घेत नाही. पुण्याचा म्हणते. पुण्याच्याचे पत्र आले का, असे विचारते. काल म्हणाली, त्याला लिही, कोणतं नाव हवं ते कळव, बारसं करू. मी तिला सांगितले की सातव्या नियमाप्रमाणे हंगामाच्या मध्ये नाव बदलले तर चौकशी पुन्हा सुरू होईल, सामने मार्चपर्यंत आहेत. ती म्हणाली, मग मार्चपर्यंत थोरल्याच्या नावावर खेळू दे, तो काही म्हणायचा नाही.

तुझ्या मागच्या पत्रातला प्रश्न राहिला होता. मला त्याचा चेहरा आठवत नाही. पाय आठवतात. तुझे तसे नाहीत.

प्रकृतीस जप. आमचा लोभ होता तिथेच आहे.
काशी


पुणे, ता. १६ डिसेंबर १९३४

ती. अक्का हिस,
सा. न. वि. वि.

समितीचे पत्र आले. मी पात्र आहे. काल पहिला सामना झाला, आम्ही जिंकलो. सेक्रेटरींनी खांद्यावर हात टाकला. खोली राहिली, फीची माफी राहिली.

मैदानावर सगळे मल्लप्पा, मल्लप्पा म्हणून ओरडत होते. मी दम धरण्याआधी मध्यरेषेवर उभा होतो, आणि पंचाने नाव पुकारले तेव्हा मला वळून पाहायला थोडा वेळ लागला. बाकी खेळ नेहमीसारखाच झाला.

दाखल्यावरची माझी तारीख या महिन्यात येऊन गेली. त्या दिवशी तासांना बसलो, संध्याकाळी सराव केला, कोणाला काही सांगितले नाही. खाणावळीत आमटी तशीच गोड होती.

अव्वाला सांग, मला कोणतेच नाव सुचत नाही. तिनेच ठेवावे. मार्चची घाई नाही. आणि पुढच्या नारळी पौर्णिमेला हुग्गी करायची असेल तर जरूर करावी, पण माझ्या वाटची म्हणून झाकून ठेवू नये. चिंचेपाशी नेली तरी चालेल.

दोघांना नमस्कार सांग. तुझा आहे तो लोभ पुरे, जास्त मागत नाही.
तुझा,
धाकटा